हेल्मेटवरचा कॅमेरा सुटतो, झुकतो, धुकटतो: कोकणात सायकल चालवणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरातला रविवार होता. मालगुंडच्या बाजूच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरून, आम्ही तिघे सायकली घेऊन खालच्या वाडीत उतरत होतो. पाऊस आठवड्यापूर्वीच उघडला होता, पण पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, चिऱ्यांवरचं शेवाळ तसंच होतं, त्यामुळे सगळं लक्ष पुढच्या चाकावर. वाडीत पोचून हेल्मेट काढायला हात वर नेला, तर मागून मावसभाऊ म्हणाला, "दादा, कॅमेरा कुठाय?"

चाळीस मिनिटं शोधल्यावर तो व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला, ओल्या पाचोळ्यात सापडला. चित्रीकरण चालूच होतं, काचेवर ओरखडाही नव्हता. मी तो उलटा करून पाहिला. माउंटच्या, म्हणजे कॅमेरा हेल्मेटला धरून ठेवणाऱ्या बैठकीच्या, तळाची चिकटपट्टी अख्खी शाबूत होती आणि तिच्यावर पिठीसाखर भुरभुरावी तसा एकसारखा तांबूस थर होता. एका कोपऱ्यात माझ्याच अंगठ्याचा ठसा, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. ओल्या पाचोळ्यात कोरडी धूळ लागणार कुठून? ती मी चिकटवतानाच आत गेली होती. आदल्या रात्री घाईघाईत हेल्मेट शर्टाला पुसलं होतं, पट्टीला बोट लावून कोपरा सरळ केला होता आणि पहाटे निघालो होतो.

त्या दिवसापासून मी आमच्या गटात कुणाचाही कॅमेरा 'बिघडला' की आधी जोड बघायला सांगतो. किनारपट्टीवर कॅमेरा सहसा धडधाकट असतो. बिघडतं ते कॅमेरा आणि डोकं यांच्यामधलं काहीतरी: गोंद, स्क्रू, हेल्मेटचं फोम, नाहीतर काचेमागची हवा. गोप्रो कंपनीचा या जातीचा पहिला कॅमेरा २००४ साली आला तो सर्फिंग करणाऱ्यांसाठी, मनगटावर बांधायचा आणि ३५ मिलिमीटरच्या रोलवर चालणारा. समुद्रासाठीच जन्मलेली ही वस्तू आहे, पाण्याला ती घाबरत नाही. आपल्याकडची अडचण पाण्याहून जास्त दमटपणाची आहे. त्याला मीठ आणि लाल माती येऊन मिळतात.

सुटलेला पॅड आधी वाचा

पॅड, म्हणजे चिकटपट्टीसकट माउंट, निघून आला की लगेच दुसरा चिकटवू नका. आधी त्याचं पोट बघा, कारण पुढचं सगळं तिथे लिहिलेलं असतं.

पट्टी माउंटला चिकटून आली आणि हेल्मेट कोरंच राहिलं, तर हेल्मेटचा पृष्ठभाग मळका, दमट किंवा मेणचट होता. माझं हेच झालं होतं. पट्टीवर काही भाग धुरकट आणि काही भाग नव्यासारखा चकचकीत असेल, तर त्या चकचकीत भागाने हेल्मेटला कधी स्पर्शच केला नव्हता. याचा अर्थ सपाट माउंट गोल जागेवर बसवलं होतं. माउंटं दोन प्रकारची मिळतात, एक सपाट आणि एक किंचित वाकलेलं. हेल्मेटला बहुतेक वेळा वाकलेलंच लागतं, आणि तेही वाकाच्या दिशेने बसवलेलं. पट्टी मधोमध फाटून अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहिली असेल, तर चिकटवण्यात काही चूक नव्हती. फांदी लागली किंवा तुम्ही पडलात आणि पॅडने आपलं काम केलं. असं झालं असेल तर नवा पॅड लावण्याआधी हेल्मेटच बारकाईने तपासा.

आता चिकटवण्याची वेळ. मिठाच्या बरणीत मीठ पाझरायला लागतं ते दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूवर ओलाव्याची न दिसणारी साय असते, हेल्मेटवरही. म्हणून हे काम संध्याकाळी किंवा रात्री करू नये. कोरड्या दिवशी दुपारी, हेल्मेट तासभर पंख्याखाली ठेवून मग करा. आधी साबणाच्या पाण्याने त्या जागेचा घाम, क्रीम, धूळ काढा. पूर्ण वाळू द्या. मग मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच स्वच्छ पाणी मिसळून, त्यात भिजवलेल्या सुती कपड्याने बाहेरच्या कवचावर एकाच दिशेने पुसा. त्याआधी हेल्मेटच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या, काही उत्पादक साबण-पाण्याशिवाय काहीच वापरू नका असं सांगतात. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि त्याचा पातळ थर मागे राहतो. पेट्रोल आणि थिनर तर घरात असले तरी हेल्मेटजवळ आणायचे नाहीत. ते कवचाला आणि आतल्या थर्माकोलसारख्या फोमला खातात, आणि ते खाल्लेलं बाहेरून दिसत नाही.

कागद सोलल्यावर पट्टीला बोट लावायचं नाही. एका कडेने टेकवत, हवा बाहेर काढत बसवा आणि अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरा.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच चुकवतात: थांबणं. या कामाला जी थ्री-एम कंपनीच्या व्हीएचबी प्रकारची चिकटपट्टी असते ती साध्या खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी पकड धरते, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे निघणारा माणूस अर्ध्याहून थोड्या जास्त गोंदावर सड्यावरून उतरतो. रविवारच्या राईडसाठी पॅड बुधवारी दुपारी लागला पाहिजे. निघण्याआधी नुसतं माउंट धरून हेल्मेट हवेत उचला आणि हलकेच हलवा. कडा जरा जरी सुटताना दिसली, तर तो पॅड काढून टाका.

निघालेली पट्टी पुन्हा लावता येत नाही. उरलेला जुना पॅड काढायला चाकू-स्क्रूड्रायव्हर नको, कवच फुटतं. आपल्याकडे प्रत्येक घरात नाहीतर शेजारी मासे पकडायची तंगूस, म्हणजे गळाची बारीक प्लास्टिकची दोरी, असतेच. ती पॅडच्या खाली अडकवून दोन्ही टोकं धरा आणि करवतीसारखी पुढेमागे ओढा. दोन मिनिटांत पॅड निघतो आणि हेल्मेटला ओरखडा पडत नाही.

सुटू नये म्हणून काय करू नये

एकदा कॅमेरा हरवला की माणूस पेटतो. मी दोन टोकाचे उपाय पाहिलेत: हेल्मेटला भोक पाडून नटबोल्ट, आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद. दोन्ही करू नका, हे मी हात जोडून सांगतो. सायकलचं हेल्मेट म्हणजे पातळ कवच आणि आतलं फोम. पडल्यावर ते फोम चेपलं जातं आणि धक्का खातं. त्यात भोक पाडलं की नेमकी तिथली जाडी संपते आणि डोक्याच्या दिशेने एक खिळा उभा राहतो. शिवाय कॅमेरा अडकला तर तो सुटून गेला पाहिजे, नाहीतर तो कॅमेरा मानेसाठी तरफ होतो.

ही भीती पुस्तकी नाही. काजूच्या बागेतून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की काजूचं झाड उंच होण्याआधी पसरतं आणि त्याच्या फांद्या बरोबर डोक्याच्या उंचीला येतात. आपण सवयीने जेवढं वाकतो ते डोक्यापुरतं. टाळूवर कॅमेरा बसवला की आपण चार बोटं उंच झालेलो असतो आणि मेंदूला त्याचा पत्ता नसतो. माझ्या एका मित्राचा कॅमेरा असाच फांदीत अडकला. पट्टी मधोमध फाटली, कॅमेरा मागे पडला, मित्र तसाच पुढे गेला. तिथे नटबोल्ट असता तर मान मागे गेली असती.

सुरक्षेची दोरी बांधायची असेल तर तिला हाच नियम लावा. बारीक तंगूस वापरा, हाताने जोरात हिसका दिला तर तुटेल अशी. पॅड आपोआप सुटला तर कॅमेरा तिला लटकतो, फांदीत अडकला तर ती तुटते. जाड नायलॉनची दोरी किंवा स्टीलची तार नको. आणि हेल्मेटला एकदा मोठा मार बसला की कॅमेरा कितीही चांगला असला तरी हेल्मेट नवंच घ्यायचं.

दर वेळी चाकच दिसतं

तरुण मुलांकडून मला हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "दादा, तासाभराचं शूटिंग केलं, सगळ्यात पुढचं चाक आणि माती." याची दोन कारणं आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात. व्हिडिओच्या पहिल्या मिनिटालाच चाक दिसत असेल तर कोन चुकलाय. सुरुवातीला रस्ता दिसतो आणि वीस मिनिटांनी चाक, तर सांधा सरकतोय.

कोन चुकतो कारण आपण तो अंगणात ताठ उभं राहून लावतो. उतारावर अंग पुढे झुकतं, कोपरं बाहेर जातात, नजर वर असली तरी हेल्मेट पुढे कललेलं असतं. म्हणून सायकल भिंतीला टेकवा, पेडलवर उभे राहा, ब्रेक धरा आणि दहाएक मीटर पुढे बघा. त्या स्थितीत मित्राला मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र बघायला सांगा. क्षितिज चित्राच्या वरच्या एक-तृतीयांश भागात आलं की कोन बरोबर. अंगणात ताठ उभं राहिल्यावर हाच कॅमेरा आभाळाकडे बघतोय असं वाटेल. तसंच राहू द्या.

सांधा सरकत असेल तर प्लास्टिकची ती एकमेकांत बसणारी बोटं उघडून बघा. त्यांच्यामध्ये लाल मातीची भुकटी आणि मिठाचा पांढरा कण असतो. स्क्रू घट्ट वाटतो, पण तो मातीवर आवळलेला असतो. माती थोडी हलली की पकड गेली. गोड्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, मग आवळा. हाताने फिरवायच्या स्क्रूच्या डोक्याला जे भोक असतं त्यात स्क्रूड्रायव्हरची दांडी घालून अजून पाव फेरा द्या, त्याहून जास्त नको, बोटं तडकतात. आणि मधले कोपर कमी करा. बाजूचं वळण, मग उंची वाढवणारा तुकडा, मग कोनाचा तुकडा अशी मालगाडी जोडलेली मी पाहिली आहे. प्रत्येक सांधा थोडा थोडा सरकतो आणि प्रत्येक तुकड्याने कॅमेरा डोक्यापासून लांब जातो.

एवढं करूनही चित्र सतत वरखाली डुलत असेल तर कॅमेरा सोडा, हेल्मेट डोक्यावर डुलतंय. आपल्या हवेत आतल्या गाद्या अर्ध्या तासात घामाने निथळतात आणि चेपतात. सकाळी बरोबर बसलेलं हेल्मेट नऊ वाजता सैल झालेलं असतं. वर पुढच्या बाजूला दीडशे ग्रॅम वजन असेल तर ते कपाळावर घसरतं. वाटेत एकदा थांबून मागची चकती दोन टिचक्या घट्ट करा, हनुवटीचा पट्टा बघा. गाद्यांचा एक कोरडा जोड सॅकमध्ये ठेवलात तर दुपारची राईडही सकाळसारखी दिसेल. हेल्मेटच्या पुढच्या छज्जावर मात्र कॅमेरा कधीही लावू नका. ते पातळ प्लास्टिक असतं, ऊन अडवायला केलेलं. दगडागणिक ते लवतं, आणि कॅमेऱ्यातली स्थिरता देणारी सोय कितीही चांगली असली तरी ते लवणं काढू शकत नाही.

काचेमागचं धुकं

हा त्रास खास आपला आहे. देशावरचे मित्र विचारतात, एवढं काय त्यात? त्यांनी जूनमध्ये दापोलीला यावं.

आधी अंगठ्याने काच पुसा. पुसून गेलं तर ते बाहेरचं, सोडून द्या. पुसून जात नसेल तर ते आत आहे. बहुतेक वेळा ते चित्राच्या खालच्या कडेला चंद्रकोरीसारखं सुरू होतं आणि दहा मिनिटांत मध्यापर्यंत चढतं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं जंगल दुधात बुडतंय.

लोकांना वाटतं कॅमेऱ्यात पाणी शिरलं. बहुतेक वेळा तसं नसतं. आत शिरलेली असते ती आपली दमट हवा, आणि ती आपणच बॅटरी-कार्डाचं दार उघडून आत सोडलेली असते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. चालू कॅमेऱ्याचं पोट गरम असतं, त्यामुळे आतली हवा ओलावा धरून ठेवते. पण पुढची काच वाऱ्याला, पावसाला, व्हाळाच्या शिंतोड्यांना तोंड देत असते. ती गार पडली की आतला सगळा ओलावा तिच्यावर येऊन बसतो.

म्हणून खरा प्रश्न असा की दार बंद करताना आत कोणती हवा कोंडली गेली. आता एसी लावलेली खोली घ्या, २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. त्या हवेला दव धरायला साधारण १३ अंशांपर्यंत गार व्हावं लागतं. कोकणात कुठल्या व्हाळाचं पाणी तुमची काच १३ अंशांवर नेणार? तर बॅटरी भरून, कार्ड घालून, दार त्या खोलीत बंद करायचं आणि राईड संपेपर्यंत उघडायचं नाही. एवढंच. हे कळायला मला दोन पावसाळे लागले, आणि तोपर्यंत आंबोलीच्या धबधब्यांचं जे काही टिपलं होतं ते सगळं दुधाळ निघालं.

घरी एसी नसला तरी अडत नाही, माझ्याकडेही नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कॅमेऱ्याची दारं उघडी ठेवून तो रात्रभर त्यात ठेवा. रात्रभर अशासाठी की ओलावा हवेत असतो तसा बॅटरीच्या प्लास्टिकवर आणि कोपऱ्याकोपऱ्यांतही असतो. सकाळी झाकण उघडलं की पहिल्या पाच सेकंदांत दारं बंद.

याच एसीची दुसरी बाजू होमस्टेला उतरणाऱ्या पाहुण्यांना छळते. गार खोलीतला कॅमेरा थेट बाहेर आणला की बाहेरून आणि काढता येणाऱ्या पुढच्या काचेच्या मागे, दोन्हीकडे दव धरतं. खोलीतच तो झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा, बाहेर आणा आणि न्याहारी होईपर्यंत तसाच ठेवा. दव पिशवीवर बसतं, कॅमेऱ्यावर नाही.

वाटेत बॅटरी बदलावीच लागली, आणि ४के मध्ये साधारण सव्वा-दीड तासात ती लागतेच, तर एसटीच्या थांब्याच्या शेडमध्ये थांबा. हात कोरडे करा, कॅमेरा बाहेरून पुसा, दार खाली तोंड करून उघडा. बंद करण्याआधी रबराच्या कडेवरून स्वच्छ कपडा फिरवा. वाळूचा एक कण किंवा केस तिथे अडकला तर दहा मीटर पाण्यात टिकणारा कॅमेरा एका सरीत भिजतो. धुकं शोषणाऱ्या पातळ पट्ट्या मिळतात, जागा असेल तर एक आत सरकवा, पण त्या चार-पाच तासांत भरून जातात.

सावलीत चित्र लिबलिबीत होतं

सड्यावर उन्हात चित्र सुरेख, आणि आंब्याच्या बागेत शिरताच सगळं थरथरतं. कॅमेरा इथे सावलीमुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. प्रत्येक चौकट धक्क्यात पुसट होते. मग स्थिरता देणारी सोय ती पुसट चौकट जागेवर धरून ठेवते, त्यामुळे फ्रेम स्थिर आणि चित्र मात्र फुटल्यासारखं दिसतं. सेटिंगमध्ये शटर १/२०० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका आणि आयएसओची, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळवणाऱ्या आकड्याची, वरची मर्यादा १६०० किंवा ३२०० पर्यंत सोडा. थोडे दाणे दिसतील. पुसट चित्रापेक्षा दाणे बरे. संध्याकाळी वाडीतल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्यातली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर घ्या, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

नवा घ्यायचा असेल तर

वजन आधी बघा, बाकी नंतर. गोप्रो हिरो १२ ब्लॅक १५४ ग्रॅमचा आहे, डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ हा १४५ ग्रॅमचा, २०२४ मध्ये आलेला छोटा गोप्रो हिरो ८६ ग्रॅमचा आणि इन्स्टा ३६० गो ३ चा नुसता कॅमेरा ३५ ग्रॅमचा. सायकलचं साधं हेल्मेट तीन-चारशे ग्रॅमचं असतं, त्यावर दीडशे ग्रॅम म्हणजे किती, हे तीन तासांनी मान सांगते. बागा आणि पाखाड्या जास्त करणाऱ्याला मी हलका कॅमेरा सुचवेन. दाट सावलीत चालवणाऱ्याला मोठ्या सेन्सरचा फायदा होतो. ॲक्शन ४ चा सेन्सर १/१.३ इंची आहे, हिरो १२ चा १/१.९ इंची. पाण्याचं म्हणाल तर वेगळ्या डब्याशिवाय हिरो १२ दहा मीटरपर्यंत आणि ॲक्शन ४ अठरा मीटरपर्यंत चालतो, आपल्याला दोन्ही पुरेसे.

जागेचं म्हणाल तर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट असेल तर हनुवटीच्या पट्टीवर लावा. हँडल आणि हात दिसतात, उतार उतारासारखा दिसतो, फांद्या लागत नाहीत. श्वासाचा आवाज येतो, तो नंतर कमी करता येतो. टाळूवरून घेतलेल्या चित्रात रुंद काचेमुळे उभा उतारही सपाट मैदान वाटतो, आणि फांद्यांचं वर सांगितलंच. साधं उघडं हेल्मेट असेल तर कपाळाच्या वर, भोकांमधून पट्टा ओवून बसणारं माउंट बघा. त्याला गोंदच नाही, त्यामुळे पावसाळ्यात निर्धास्त. फक्त पट्टा ओला झाला की सैल पडतो, तो मध्येच ओढून घ्या. छातीवरचा पट्टाही चांगला पर्याय आहे, पण चढावर गुडघे लागतात, आणि घामेजल्या अंगाची ऊब थेट कॅमेऱ्याला मिळते, मग धुक्याचा त्रास दुप्पट.

सड्यावर चित्रीकरण करणाऱ्यांना एक वेगळी विनंती. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळांवर जुनी कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणची, आणि २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. भर दुपारी त्यांच्या रेषा डोळ्यांना दिसत नाहीत आणि कॅमेऱ्यालाही नाही. अनोळखी कातळावर चाक घालण्याआधी वाडीत विचारा. सायकल बाजूला ठेवून सकाळच्या तिरप्या उन्हात चालत जाल तर चित्रही अधिक चांगलं मिळेल.

मीठ

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत सगळे कठड्याशी उभे राहून शूटिंग करतात. मजा आहे, मीही करतो. पण ते तुषार वाळले की प्रत्येक बटणाच्या कडेला मीठ धरतं, आणि चार दिवसांनी बटण दाबलं की तिथेच अडकून राहतं. घरी पोचल्यावर दारं घट्ट बंद असल्याची खात्री करून कॅमेरा आणि माउंट पंधरा मिनिटं बादलीत, गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. नुसत्या नळाखाली धरून मीठ निघत नाही, ते विरघळायला वेळ लागतो. पाण्यातच बटणं दोन-चारदा दाबा. स्क्रू वेगळा काढून धुवा, वाळवा, त्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. स्क्रूवर 'स्टेनलेस' लिहिलेलं असलं तरी आपल्या हवेत त्यावर तांबूस ठिपके येतातच, तेव्हा वर्षाकाठी एक नवा स्क्रू घ्या.

काचेवर लाल माती वाळली असेल तर शर्टाला पुसू नका. जांभ्याच्या त्या धुळीत बारीक टणक कण असतात, काचेवरचा लेप त्याने खरवडला जातो आणि मग सूर्य समोर आला की चित्रात पांढरी जाळी उमटते. पाणी ओता, माती वाहून जाऊ द्या, मग टिपा.

राईड नसलेले महिने तर कॅमेऱ्याला सगळ्यात वाईट. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत कपाटात पडून राहिलेल्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती आतून असेल तर पुसता येत नाही. बॅटरी निम्मी भरून बाहेर काढा, कॅमेरा त्याच सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा झाकणातून आतल्या गोळ्यांचा रंग बघा. नारिंगी गोळ्या हिरव्या पडल्या की त्या भरल्या. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतात. निळ्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे आणि जेवणाच्या भांड्यांजवळ तापवायची ती वस्तू नव्हे.